शेवटच्या रांगेतून केलेले परीक्षण : विद्यापीठातील एका व्याख्यान सभागृहाची दृक्‌श्राव्य व्यवस्था

पश्चिम महाराष्ट्रातील एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागात १८० आसनांचे, पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीचे एक जुने व्याख्यान सभागृह आहे. त्याचे नूतनीकरण होऊन त्यात प्रोजेक्टर, पडदा, ध्वनियंत्रणा, चित्रीकरणाची सोय आणि नियंत्रणफलक असा सगळा संच बसवण्यात आला. त्या सभागृहात नियमित शिकवणारा आणि खरेदीच्या तांत्रिक समितीत काम केलेला प्राध्यापक या नात्याने मी हे परीक्षण लिहीत आहे. काम करणाऱ्या पुरवठादाराचे नाव दिलेले नाही, कारण निविदेतून प्रत्येक संस्थेच्या वाट्याला वेगळाच पुरवठादार येतो. वाचकाला उपयोग व्हायचा तो उपकरणांची निवड कशी झाली, ती कशी बसवली गेली आणि वापरात कशी टिकली हे कळण्याचा. माझे मत आरंभीच नोंदवतो. सभागृहाची यंत्रसामग्री पहिल्या रांगेत उभे राहून पसंत केली जाते आणि शेवटच्या रांगेतल्या विद्यार्थ्याला भोगावी लागते. या सभागृहात जे जमले आहे ते शेवटच्या रांगेपासून विचार सुरू केला म्हणून जमले आहे, आणि जे राहिले आहे ते तसा विचार न झाल्यामुळे राहिले आहे.

सर्वांत आधी आवाजाविषयी लिहिणे भाग आहे, कारण चित्र अंधुक असले तरी व्याख्यान समजू शकते, पण शब्द कळला नाही तर तास वाया जातो. हे दालन साधारण १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी साडेचार मीटर उंच, म्हणजे सुमारे ९७० घनमीटरचे आहे. पूर्वी त्याला सिमेंटचा गिलावा, कोटा फरशी, काचेच्या खिडक्या आणि उघडे स्लॅबचे छत होते. अशा दालनात आवाज शोषणारे काहीच नसते. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह १८९५ मध्ये बांधून झाले तेव्हा तिथे बोललेले काहीही समजत नव्हते, आणि ते दुरुस्त करण्याचे काम वॉलेस क्लेमंट सॅबीन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. त्या रिकाम्या दालनात आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत होते. सॅबीनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणून, ऑर्गनची नळी वाजवून, कमीजास्त गाद्यांनिशी हा काळ पुन्हा पुन्हा मोजला. निनादकाल (आवाज विरायला लागणारा हा वेळ) म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण (मापे मीटरमध्ये), हे आज प्रत्येक ध्वनी-सल्लागार वापरतो ते सूत्र त्याच प्रयत्नातून निघाले. स्थापत्य-ध्वनिशास्त्राचा जन्म विद्यापीठाच्या व्याख्यानगृहात झाला, आणि तरीही आपल्याकडे नवी व्याख्यानगृहे बांधताना हे सूत्र कोणी कागदावर मांडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या दालनाला हे सूत्र लावले की चित्र स्पष्ट होते. खिडक्या बंद असलेल्या रिकाम्या दालनाचा निनादकाल हिशेबाने चार सेकंदांच्या आसपास येत होता. तो ०.८ सेकंदापर्यंत आणायचा तर पडलेला सगळा आवाज गिळून टाकणाऱ्या सुमारे १९५ चौरसमीटर पृष्ठभागाइतके शोषण लागते. भरलेल्या वर्गातील १८० माणसे त्यातील ८० च्या आसपास पुरवतात. उरलेले छताने आणि भिंतींनी द्यायचे. म्हणून छताला सुमारे १३० चौरसमीटर खनिजतंतूंच्या ध्वनिशोषक टाइल्स आणि मागच्या भिंतीला कापडी आवरणाचे ध्वनिशोषक पॅनेल बसवण्यात आले. लहान वर्गखोल्यांसाठी अमेरिकी मानकाने ०.६ ते ०.७ सेकंदाची मर्यादा घातली आहे, आणि एवढ्या मोठ्या दालनाला ०.८ हे रास्त उद्दिष्ट आहे. या पॅनेलांच्या कापडाचा रंग कोणाला आवडला नाही आणि समितीत एक सदस्य अखेरपर्यंत विचारत राहिले की दृक्‌श्राव्य साहित्याच्या निधीतून छताचे काम कशासाठी. मात्र संपूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त फरक पडला तो या कामाने. आता सकाळच्या तासाला, पंखे मंद असताना, दमदार आवाजाचा शिक्षक माईकशिवाय मधल्या रांगांपर्यंत स्वच्छ ऐकू येतो, आणि हे कोणत्याही ॲम्प्लिफायरने साधले नसते. घुमणाऱ्या खोलीत स्पीकरचा आवाज वाढवला की घुमारा तेवढा वाढतो, शब्द होता तसाच अस्पष्ट राहतो.

स्पीकरांची मांडणीही विचारपूर्वक झाली आहे. फळ्याच्या दोन्ही बाजूंना उभे, अरुंद कॉलम स्पीकर आहेत. त्यांचा आवाज आडवा पसरतो आणि छताकडे फारसा जात नाही, त्यामुळे घुमण्यास वाव कमी राहतो. मागच्या अर्ध्या भागासाठी छतात १०० व्होल्ट लाइनवरचे (एकाच लांब तारेवर अनेक स्पीकर चालवण्याची पद्धत) छोटे स्पीकर आहेत. येथे एक बारकावा असतो, जो पुष्कळ ठिकाणी सुटतो. समोरच्या स्पीकरपासून नऊ मीटर मागे पोहोचायला आवाजाला सुमारे २६ मिलिसेकंद लागतात, तर छतातला स्पीकर विजेच्या वेगाने आधीच बोलून मोकळा होतो. तेव्हा मागच्या स्पीकरांना ध्वनिप्रक्रियकात (माईकचा आवाज स्पीकरकडे जाण्याआधी त्यावर संस्कार करणारे यंत्र) तेवढाच, किंबहुना किंचित जास्त, विलंब द्यावा लागतो. तो दिला की मागे बसलेल्यालाही आवाज शिक्षकाच्या तोंडातून येत असल्यासारखा वाटतो. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने हा विलंब मोजून बसवला, मग वाक्-सुबोधतेचा निर्देशांक (बोललेले किती स्पष्ट कळते याचे ० ते १ मधील माप) शेवटच्या तीन रांगांत मोजून दाखवला, आणि तो आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘चांगला’ या श्रेणीत, म्हणजे ०.६ च्या वर, आला तेव्हाच कामाच्या पूर्णत्वावर सही झाली. निविदेच्या अटींत हे मोजमाप लिहिलेले होते म्हणून हे घडले. ‘आवाज स्पष्ट असावा’ एवढेच लिहिले असते तर ‘हॅलो, माईक टेस्टिंग’वर काम संपले असते.

माईकच्या बाबतीत मात्र समाधान अर्धेच आहे. पोडियमवर गूजनेक (लवचीक दांड्याचा) माईक, शिक्षकासाठी कॉलर माईक आणि प्रश्न विचारणाऱ्यांसाठी हातातला बिनतारी माईक, असा संच आहे. सुरुवातीला दिलेले बिनतारी संच २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे होते. रिकाम्या सभागृहात ते उत्तम चालले, परंतु १८० विद्यार्थी खिशात फोन घेऊन आत आले आणि वायफाय जोरात चालू झाले की आवाज तुटू लागला, कारण तेही त्याच पट्ट्यात काम करते. पुढे ते बदलून यूएचएफ या वेगळ्या, कमी वारंवारतेच्या पट्ट्यातील संच घेण्यात आले आणि तुटणे थांबले. असा संच घेताना त्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी वारंवारतांचे नियमन करणाऱ्या) शाखेची उपकरण-मान्यता आहे का, याची प्रत मागून घ्यावी. बाजारात विनामान्यतेचे स्वस्त संच भरपूर आहेत आणि सरकारी संस्थेने ते घेणे योग्य नाही. कॉलर माईकविषयी एक सूचना शिक्षकांसाठी आहे. तो हनुवटीपासून वीतभर खाली, पदर, ओढणी किंवा ओळखपत्राच्या फितीला घासणार नाही असा लावावा. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय असणाऱ्यांना गूजनेक माईकचा काहीच उपयोग होत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती सवय आहे. बॅटरीसाठी पुनर्भारित पेशींच्या दोन जोड्या आणि चार्जर पोडियमच्या खणात ठेवले आहेत. ही किरकोळ वाटणारी बाब कोणाच्या तरी नावावर सोपवलेली नसेल तर उत्तम माईक मुके होतात. आमच्याकडे ते काम प्रयोगशाळा परिचरांकडे आहे आणि ते निष्ठेने होते.

आता चित्राकडे वळतो. सुरुवातीला ८६ इंची इंटरॅक्टिव्ह फ्लॅट पॅनेल घ्यावे असा जोरदार आग्रह होता. तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात ही पॅनेल फार चांगली असतात, लिहिता येते, लिहिलेले जतन होते आणि खोली अंधारी करावी लागत नाही. पण सभागृहात हिशेब वेगळा होतो. नेहमीच्या स्लाइडवरील मजकूर वाचता येण्यासाठी सर्वांत लांबचा प्रेक्षक चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा दूर नसावा, हा दृक्‌श्राव्य व्यवसायात रूढ असलेला निकष आहे. ८६ इंची पॅनेलची उंची सुमारे १.०७ मीटर. तिची सहापट साडेसहा मीटरही होत नाही, म्हणजे चौथ्या-पाचव्या रांगेनंतर बसलेल्यांसाठी ते पॅनेल शोभेपुरतेच उरते. आमची शेवटची रांग १६ मीटरवर आहे. तिथून वाचायचे तर चित्र सुमारे २.७ मीटर उंच हवे, आणि १६:१० प्रमाणात ते सव्वाचार मीटरहून थोडे अधिक रुंद होते. म्हणून प्रोजेक्टर आणि ताणलेला स्थिर पडदा ही निवड झाली आणि ती बरोबर ठरली आहे. स्लाइड मात्र १६:१० मापातच कराव्यात. आजकाल सॉफ्टवेअर आपणहून १६:९ माप उघडते, मग वरखाली काळ्या पट्ट्या पडतात आणि मोजून घेतलेली उंची कमी होते.

येथे मराठी आणि संस्कृतच्या अध्यापकांसाठी विशेष लिहिले पाहिजे, कारण हे सभागृह त्यांनाही मिळते. देवनागरी अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात. त्यामुळे त्याच आकड्याच्या टंकात अक्षराचा मुख्य भाग रोमन लिपीपेक्षा लहान दिसतो, आणि ‘राष्ट्र्य’सारख्या जोडणीत मागच्या रांगेला नुसता काळा ठिपका दिसतो. रोमनमध्ये २४ चा टंक चालतो तिथे देवनागरीत ३२ च्या खाली जाऊ नये आणि एका स्लाइडवर सहा-सात ओळींपेक्षा जास्त देऊ नयेत. शेवटच्या रांगेत बसून काही टंक तपासल्यावर विभागाने हाच दंडक केला आहे.

प्रोजेक्टर एप्सनचा ईबी-एल७३०यू आहे. लेझर प्रकाशस्रोत, ७००० ल्युमेन (प्रोजेक्टरमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप), १९२० गुणिले १२०० बिंदूंची सुस्पष्टता, तीन एलसीडींची रचना. त्यातील रंग, विशेषतः सूक्ष्मदर्शकाखालील रंगवलेल्या ऊतींची छायाचित्रे, पडद्यावर खरी वाटतात, हे जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांचे मत मी मुद्दाम विचारून घेतले. जुन्या प्रोजेक्टरांचे पाऱ्याचे दिवे तीन-पाच हजार तासांत उतरत आणि दिव्याची किंमत ऐकून विभागप्रमुख तो बदलणे पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलत. लेझरच्या स्रोताला उत्पादक २०,००० तासांचे आयुष्य सांगतो. दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तरी हे पंधरा वर्षे होतात. प्रत्यक्षात त्याआधी पंखा किंवा विद्युत-फलक जाईल असे मी धरून चालतो, पण दिव्याची विवंचना संपली हे खरे. शिवाय वीज गेली तरी गरम दिवा थंड होण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि आपल्याकडे ही गोष्ट लहान नाही. भिंग वरखाली-डावीउजवीकडे सरकवण्याची सोय असल्यामुळे प्रोजेक्टर मध्यरेषेपासून जरा बाजूला असूनही चित्र सॉफ्टवेअरने तिरके दाबावे लागले नाही. धूळ-गाळणी दर सत्राच्या सुरुवातीला साफ करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत त्याहून लवकर.

इतका प्रकाश असूनही चित्र ठरते ते ट्यूबलाइटांवर. ७००० ल्युमेन साडेअकरा चौरसमीटर पडद्यावर पसरले की सुमारे ६०० लक्स (दर चौरसमीटरवर पडणारे ल्युमेन) मिळतात. सभागृहातील सगळे दिवे चालू असताना पडद्यावर २०० लक्स प्रकाश पडत असेल, तर पांढऱ्या आणि काळ्यातील प्रमाण जेमतेम ४ ला १ उरते, आणि आलेखातील फिकट रेषा नाहीशा होतात. अभ्यासासाठी १५ ला १ एवढे प्रमाण असावे असा संकेत आहे, आणि तो गाठण्यासाठी पडद्यावरचा बाहेरचा प्रकाश ४० लक्सपर्यंत आणावा लागतो. यासाठी महागडे काही लागत नाही. पडद्यासमोरच्या दोन ओळींतील दिव्यांना वेगळे स्विच द्यावे, फळ्यावर झुकलेले स्वतंत्र दिवे बसवावेत आणि पूर्वेच्या खिडक्यांना जाड पडदे लावावेत. विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे दिवे चालूच राहतात, त्यामुळे वही दिसते आणि झोपही येत नाही. हे काम विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाच्या वायरमननेच केले. प्रोजेक्टरच्या ल्युमेनवर वाद घालणाऱ्या प्रत्येक समितीने आधी आपल्या सभागृहाचा स्विचबोर्ड पाहावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पडदा फळ्यावर उतरणार नाही याची काळजी घेतली गेली, हे या मांडणीचे मोठे यश आहे. पडदा डावीकडे सरकवून उजवीकडे दोन वरखाली सरकणारे हिरवे फळे ठेवले आहेत. गणिताची सिद्धता किंवा रसायनाची अभिक्रिया खडूने, विद्यार्थ्याच्या लिहिण्याच्या वेगाने उलगडत गेली तरच मनात उतरते. तयार स्लाइडवर ती एकदम समोर येते आणि तितक्याच वेगाने निघून जाते. अनेक ठिकाणी नव्या पडद्यासाठी फळाच काढून टाकला जातो. ती हानी कोणत्याही यंत्राने भरून येत नाही. पोडियमवरचा डॉक्युमेंट कॅमेराही फार उपयोगी ठरला आहे. कागदावर लिहीत जावे आणि ते पडद्यावर दिसावे, एवढे साधे हे साधन, पण जुने शिक्षक सर्वांत आधी याच्याशीच रुळले.

जोडणीच्या बाबतीत पोडियमवर एचडीएमआय आणि यूएसबी-सी अशा दोन तारा आहेत आणि तिथून छतातील प्रोजेक्टरपर्यंत कॅट-६ए तारेवर एचडीबेसटी पद्धतीने संकेत जातो. साध्या एचडीएमआय तारेवर दहा-पंधरा मीटरनंतर भरवसा उरत नाही, ही पद्धत शंभर मीटरपर्यंत चालते. तारांच्या दोन्ही टोकांना क्रमांकांच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत, आणि हे काम पुरवठादाराने नीट केले आहे. रोज ओढाताण होणारी पोडियमची तार मात्र वर्षभरात खराब होणारच. ती थेट भिंतीतल्या सॉकेटला न जोडता मध्ये छोटा जोडतुकडा ठेवला आहे, म्हणजे झिजला तर तो तुकडा बदलता येतो. नियंत्रणासाठी आधी टचस्क्रीन प्रस्तावित होती. तिच्याऐवजी सहा बटणांचा साधा फलक घेतला आणि त्यावर मराठीत कोरून घेतले : सुरू, बंद, लॅपटॉप, कॅमेरा, आवाज अधिक, आवाज कमी. बाहेरून आलेल्या पाहुण्या वक्त्यालाही तो कोणी न शिकवता वापरता येतो.

चित्रीकरणासाठी मागच्या भिंतीवर फिरणारा कॅमेरा आहे, आणि ओबीएस या मुक्त सॉफ्टवेअरने पडदा व शिक्षक एकत्र नोंदवून ते मूडल या ऑनलाइन अध्यापन-व्यासपीठावर चढवले जाते. परवान्याचा वार्षिक खर्च त्यामुळे नाही. आवाज कॅमेऱ्याच्या माईकमधून न घेता थेट ध्वनिप्रक्रियकातून घेतला आहे. नोंदी ऐकण्याजोग्या होण्याचे कारण तेच. प्रश्न विचारणाऱ्याकडे माईक पोहोचला नाही तर मात्र नोंदीत फक्त उत्तर ऐकू येते, त्यामुळे प्रश्न शिक्षकाने पुन्हा उच्चारावा.

सेवेविषयी तक्रार आहे ती अशी. काम संपल्यावर पुरवठादाराने ध्वनिप्रक्रियकाच्या मांडणीची फाइल आणि तिचा संकेतशब्द स्वतःकडेच ठेवला. एका माईकची पातळी बदलायची तरी त्यांचा माणूस यावा लागे, आणि परीक्षांच्या हंगामात तो येईना. कराराकडे बोट दाखवून लेखी पाठपुरावा केल्यानंतर ती फाइल, तारांचा आराखडा आणि सर्व संकेतशब्द विभागाच्या ताब्यात आले. प्रशिक्षणही उद्‌घाटनाच्या गडबडीत एका दुपारी उरकण्यात आले, जेव्हा ज्यांना ते हवे होते ते शिक्षक तासांवर होते. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर किंवा ई-निविदेत अटी लिहिणाऱ्यांनी शेवटचा हप्ता या तीन गोष्टींशी बांधावा : संकेतशब्दांसह सर्व फाइली, प्रत्यक्ष झाल्याप्रमाणे काढलेला आराखडा, आणि सत्र सुरू झाल्यानंतरचे दुसरे प्रशिक्षण. सर्वांत कमी दराचा नियम पाळूनही तांत्रिक अटी नेमक्या लिहिल्या तर चांगले काम मिळते, हे येथे दिसले. मोघम अटींखाली स्वस्त दर आला तर त्या दराला काम करणाऱ्याला दोष देता येत नाही.

एक गोष्ट या सभागृहात अजून नाही आणि ती असायला हवी होती. श्रवणयंत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फरशीखालून फिरवायची प्रेरण-तार बसवलेली नाही. माईकचा आवाज ती चुंबकीय क्षेत्राने थेट श्रवणयंत्रातील टी-कॉइल या छोट्या वेटोळ्यापर्यंत पोहोचवते, घुमारा आणि पंख्यांचा आवाज मध्ये येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार शिक्षणसंस्थेने सुगम्य सोयी देणे हे कर्तव्य आहे. फरशी उकललेली असताना ही तार टाकायला फारच थोडा खर्च आला असता; आता तिच्यासाठी पायऱ्यांच्या कडेने पट्टी बसवावी लागेल. तसा प्रस्ताव विभागाने पुढील अंदाजपत्रकासाठी दिला आहे, आणि तोपर्यंत अशा विद्यार्थ्याला गळ्यात अडकवायचा स्वतंत्र रिसीव्हर संच मागणीनुसार देण्याची व्यवस्था सुरू केली आहे. नवीन सभागृहाचे काम काढणाऱ्यांनी ही तार फरशीच्या कंत्राटातच घालून घ्यावी, दृक्‌श्राव्य साहित्याच्या यादीत ती येईपर्यंत फरशी बसून गेलेली असते.